आत्याच्या चालीचं बक्षीस

माझी आत्या डाव्या पायाने लंगडते. लहानपणी ती बैलगाडीवरून पडली आणि हाड नीट जुळलं नाही. लग्न झालं नाही, म्हणून डोणगावला आमच्याच घरी राहिली. एक पाऊल नेहमीसारखं, दुसरं जमिनीला घासत, आणि ते उचलताना खांदा किंचित वर. पाठमोरी बसले असले तरी ती आल्याचं मला कळायचं.

पुण्यातल्या एका कंपनीत मी व्हिडिओ गेमसाठी अॅनिमेशन करायचे. पडद्यावरची माणसं चालतात, वाकतात, दमतात, ते घडवायचं आमचं काम. एका गेमची नायिका म्हातारी होती, एकटीनेच डोंगर ओलांडायला निघालेली. तिला चालायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सुट्टीत घरी आले तेव्हा मी विचारलं, "आत्या, तुह्यावानी चालणारी म्हातारी करू का?"

"माह्यावानी? अवं, एखादी धड चालणारी घे ना."

"मले तूच पायजे."

ती लाजली. मग पदर खोचून अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. "बराबर झालं का? अजून एक डाव चालू?" असं ती विचारत राहिली. तसं कौतुकाने तिच्या पायांकडे कोणी कधी पाहिलं नसावं.

पुढे वर्षभर मी त्या म्हातारीच्या पायांत होते. चढावर ती कशी थांबेल, थकल्यावर खांदा किती उचलेल, हेच डोक्यात. गेम बाजारात यायच्या थोडं आधी एका दुपारी कंपनीने आमच्या अख्ख्या टीमला ऑनलाइन बोलावलं. खर्च कमी करायचा आहे, म्हणाले. संध्याकाळपर्यंत आमचे ईमेल बंद झाले. लॅपटॉप जमा करून मी गावी परतले.

हिवाळ्यात जुन्या टीममधल्या मैत्रिणीचा फोन आला. परदेशात दरवर्षी व्हिडिओ गेमच्या पुरस्कारांचा मोठा सोहळा होतो, त्यात उत्कृष्ट अॅनिमेशनच्या नामांकनांत आपला गेम आलाय. "आपला" म्हटल्यावर ती थांबली.

घरी सांगायला नको होतं, पण बाबांनी ऐकलंच. दोन दिवसांत अर्ध्या बाजाराला माहीत झालं. आपल्याकडे उजाडायच्या सुमारास सोहळा होता. मी मोबाइल टीव्हीला जोडला. आई चहा करत होती. शेजारचे टेलर चाचा फजरची नमाज आटोपून मफलर गुंडाळून आले. आत्या अगदी पुढे, चादर पांघरून.

दिवे, वाजंत्री, झगझगीत कपडे. मधेच येणाऱ्या गेमच्या जाहिराती, राक्षस, स्फोट. बाबा प्रत्येक वेळी विचारत, "हा तुहा का?"

आमची पाळी आली तेव्हा कोणाला मंचावर बोलावलंही नाही. वेळ कमी होता, म्हणून निवेदिकेने उभ्या उभ्या नावं वाचली. प्रत्येक गेमचा एक तुकडा दिसला. आमचा आला. धुक्यातल्या चढावर म्हातारी चालत होती. पाऊल, घासलेलं पाऊल, खांदा वर.

"अवं माय," आत्या म्हणाली, "हे तं मी."

पुढच्याच क्षणी आमच्या गेमचं नाव पुकारलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याने पाय चादरीत ओढून घेतला. "हासून राह्यले का वं ते?"

"नाही आत्या, टाळ्या वाजवून राह्यले. बक्षीस भेटलं."

"लंगडीले?"

तोवर निवेदिका पुढच्या विभागावर गेली होती.

"आता तुले बोलावतीन ना?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मंग बक्षीस कोन घेईन?"

"कंपनी."

"पन तुमाले तं त्यायनं काढलं."

आई रिकामे कप उचलायला लागली.

बाबांनी तरी पेढे आणलेच. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. दुपारी कंपनीने "आमच्या गुणी टीमचे अभिनंदन" असं जाहीर केलं. मैत्रिणीने ते मला पाठवलं आणि खाली फक्त प्रश्नचिन्ह टाकलं. मी बराच वेळ काहीतरी लिहीत होते. शेवटी सगळं पुसलं.

पुढे दुसऱ्या एका कंपनीत ऑनलाइन मुलाखत झाली. समोरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "तो गेम आम्हाला फार आवडला. पण शेवटच्या नामावलीत तुमचं नाव दिसलं नाही."

"बाजारात येण्याआधी आम्हाला काढलं, म्हणून नावंही काढली."

"समजतं हो. पण आम्हाला पडताळणी करावी लागते."

आत्याचा व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये होता. पण दाखवून काय सिद्ध होणार होतं? अंगणात एक बाई चालतेय, एवढंच.

खोलीबाहेर आले तर आत्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "काय म्हनले?"

"कळवतो म्हणे."

"बरं झालं मंग," ती समाधानाने म्हणाली आणि थोड्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

त्यांनी कळवलं नाही. सध्या मी मेहकरच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जोडते. परवा ब्लाउज आणायला चाचांच्या दुकानात गेले, तर तिथल्या एका बाईला ते अभिमानाने सांगू लागले, "ह्या पोरीले परदेशातलं इनाम भेटलं."

त्या बाईने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "अस्सं? मंग इथं काय करून राह्यली?"

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं.