सात मणक्यांची भावकी

आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी शहादे तालुक्यात मेलेला एकही जीव बेवारशी जाऊ दिला नाही. बैल, घोरपड, घुबड, परसातला उंदीर, सगळ्यांची हाडं शेवटी त्यांच्या घरी नांदायला यायची. मेलेला जीव ते वारुळापाशी पुरत, महिन्याभराने उकरून राखेच्या पाण्यात उकळत आणि मग ओसरीवर चटई टाकून हाडं मांडत बसत. त्यांची बायको माहेराहून परतली की आधी आपली पातेली हुंगून बघायची. मटणाच्या पंगतीत लोक मांडीचा तुकडा शोधत, तर मास्तर मानेच्या हाडांसाठी ताटाताटांतून विचारत फिरत, "मान कोनाकडे उनी?" हे आठवलं की आजही हसू येतं, आणि लगेच वाटतं, हसायला मी कोण?

मानेचा त्यांना भारी नाद. पिलाला दूध पाजणारा जीव लहान असो की मोठा, त्याच्या मानेत मणके सातच, असं ते छातीठोक सांगत. मी त्याच शाळेत शास्त्र शिकवायचो. नाशिककडून नवीन आलेलो, त्यामुळे मिजास भरपूर. म्हटलं, "मास्तर, उंटाला सात आणि उंदरालाही सात?" पुढे प्रकाशा गावाजवळ कुणा धनगरांचा उंट मेल्याचं त्यांच्या कानावर आलं. काही आठवड्यांनी मास्तर खांद्यावर पोतं घेऊन चालत माझ्या दारात हजर! उंटाचे मणके वीतभर, शेजारी उंदराचे मोहरीएवढे. सात आणि सात. कोंबडीचे चौदा भरले. मग त्यांनी वाघूळ काढलं. पुन्हा सात.

"उडस म्हनीसन ते चिडीना भाऊ नई व्हस, गुरजी," ते म्हणाले. "दोन मानसं एकच काम करतस, म्हनीसन त्या काय भाऊ शेतस? हाडं देखा, दात देखा, पिलूले दूध पाजस का ते देखा."

त्यांनी वाघळाचा पंख पसरला आणि माझा हात ओढून शेजारी ठेवला. वरचं हाड एक, खालची दोन, मग लहान खड्यांसारखी हाडं, मग पाच बोटं. दोन्हीकडे तेच. मी म्हटलं, "पटलं, मास्तर." त्यांना इतका आनंद झाला की त्याच हाताने त्यांनी मला गुळाचा खडा दिला. मी तो खाल्लासुद्धा.

आमच्याकडच्या पाटील घराण्यांत दर काही वर्षांनी भाट येतो. लाल कापडातली वही सोडून घराण्याची वंशावळ वाचतो, नवी नावं लिहितो. कुठल्या दोन घरांचा मूळपुरुष एक, हे त्याच्या वहीवरून ठरतं. मास्तरांनी ही रीत उचलली. तशीच लांबलचक वही शिवून त्यांनी तीत सगळ्या जिवांची भावकी मांडली. साक्षीदार म्हणून हाडं.

शाळा ज्यांच्या शब्दावर चालायची त्या पाटलांकडे एकदा भाट आला. आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. भाटाने घराण्याचा मूळपुरुष वाचून वही मिटली, आणि मास्तरांना वाटलं, हीच वेळ. आपल्या घराण्याची पाळंमुळं आणखी मागे जातात हे ऐकून पाटील खूश होतील, असं त्या भल्या माणसाला मनापासून वाटलं! त्यांनी आपली वही उघडून खणखणीत आवाजात पुढचं वाचलं. वानर चुलत घर, वाघूळ लांबचं घर.

पाटील माझ्याकडे वळले. "गुरजी, तुम्ही शास्त्र शिकाडतस. हाई खरं शे का?"

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ती पाटलांच्या हातात होती. मास्तर माझ्याकडे अगदी निर्धास्तपणे बघत होते. मी म्हणालो, "छे हो! छंद आहे त्यांचा. डोकं जरा असंच आहे." सगळे हसले. मास्तरही हसले, थोडं उशिराने.

आठवड्याभरात पाटलांच्या हुकमाने हाडं आणि वही गोमाई नदीच्या डोहात गेली, मास्तरांची बदली डोंगरात मोलगीकडे झाली. मी कायम झालो. निघताना ते भेटायला आले आणि म्हणाले, "मन्हामुळे तुम्हले खाली देखनं पडनं." मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. लाज अशी गोष्ट आहे की ज्याच्यामुळे वाटते त्याचं तोंडच बघवत नाही.

दोन-तीन वर्षांनी कामानिमित्त मोलगीला गेलो. बाजाराचा दिवस होता. मास्तर दिसताच मी वाट बदलणार होतो, हे कबूल करतो. पण त्यांनीच हाक मारली. केस पांढरे झाले होते, खांद्याला पिशवी होती. सोबत दोन डोंगरातले शेतकरी होते. माझा हात धरून मास्तर त्यांना त्यांच्या बोलीत बरंच काही सांगू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यास्ले सांगं मी, मन्हं म्हननं सगळास्ना पहिले ज्यास्ले पटनं, त्या ह्या गुरजी."

त्या दोघांनी डोक्यावरची ओझी खाली ठेवली आणि मला हात जोडले. मास्तर कौतुकाने बघत होते. मी तो नमस्कार घेतला.