सबख्यावरचा नवस

आमची गाडी सेकंडहँड, पण दणकट. फोर बाय फोर. ती घेताना विकणाऱ्या लेबनानी माणसाने शेवटी कपाळावर हात मारून घेतला होता, कारण दोन आठवडे रोज फोन करून मी त्याला खाली आणला होता. पैसे माझ्या डब्यांचे. भाव मी केलेला. चावी मात्र नवऱ्याच्या खिशात.

हे मी आधीच सांगते, कारण त्या सकाळी जे झालं त्याच्या मुळाशी हेच आहे.

मी वसईची. लग्न होऊन कतारमध्ये, दोह्याला आले तेव्हा मला इथे कोणी ओळखत नव्हतं. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या दोन खोल्यांत मी डबे सुरू केले. आज बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतल्या मराठी पोरांपासून वेस्ट बेमधल्या साहेबांपर्यंत माझं जेवण जातं. मासळीबाजारात मला बघितलं की विक्रेते आपणहून भाव उतरवतात. आरडाओरडा नको असतो त्यांना. पण डबे पोचवायला ड्रायव्हर ठेवावा लागतो, आणि तो उशिरा आला की माझी भाजी गार होते आणि डोकं गरम. लायसन्सचा विषय मी दर वर्षी काढला. नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, शांत माणूस, आवाज कधी चढवत नाही. दर वर्षी एकच म्हणायचा, "अगं, इथली माणसं कशी चालवतात बघतेस ना? तू घाबरशील. कुठे जायचंय सांग, मी सोडतो." साऱ्या बाजाराला मी खाली आणलं, हा एक माणूस एक पैसा हलला नाही.

त्या हिवाळ्यात मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि घर खायला उठलं. नवरा म्हणाला, दोन दिवस सुट्टी आहे, सगळा किनारा फिरू. मी डबे बंद ठेवले. पहिल्या दिवशी रुवैसपर्यंत वर गेलो, मग ओसाड पडलेल्या कोळ्यांच्या गावावरून झुबाऱ्याच्या किल्ल्याकडे, तिथून खाली झिक्रीतला. रस्त्यावर तासन् तास दुसरी गाडी नाही. एका बाजूला सपाट पिवळी जमीन, दुसऱ्या बाजूला तितकाच सपाट समुद्र, लाटसुद्धा नाही. वसईच्या माणसाला लाटेशिवायचा समुद्र बघवत नाही. मला पहिल्या दिवसापासूनच आत कुठेतरी धाकधूक होती, पण बोलले असते तर "बघ, घाबरलीस" ऐकावं लागलं असतं.

झिक्रीतच्या पुढे किनाऱ्यावर तंबू टाकला. सकाळी उठलो तर धुकं. असं की तंबूच्या दारातून गाडी दिसेना.

"धुकं उठू दे, मग निघू," मी म्हटलं.

"किनाऱ्याकिनाऱ्याने कच्ची वाट आहे. अर्ध्या तासात डांबरी रस्त्याला लागू."

"दिसत नाहीये काही."

"मी चालवतोय ना?"

मी तंबू गुंडाळून मागे टाकला आणि त्याच्या शेजारी बसले. गाडी थोडी गेली आणि खालचा आवाज बदलला. खडखड थांबून चिरचिर सुरू झाली, मग एक हिसका, आणि मागचा भाग खाली बसला. सबखा म्हणतात त्याला इथे. वर मिठाची कडक साय, खाली चिखल. दिसायला पक्की जमीन.

तो उतरला, चाकं बघितली. "तू इकडे बस. मी ढकलतो, तू हळूच ॲक्सिलरेटर दाब."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या सीटवर बसले.

"हळू!" तो मागून ओरडला. "हळू, हळू!"

"हळू म्हणजे किती?"

"पापड भाजतेस ना, तशी!"

"पापड हाताने भाजतात! पायाने नाही!"

चाकं गरगरली, गाडी आणखी खाली गेली. काचेवर चिखल उडाला. तो पुढे आला, चेहराभर चिखल, आणि म्हणाला, "म्हणूनच मी म्हणतो—"

"काय म्हणतोस? बोल ना पुढे!"

त्याने बाहीने चेहरा पुसला. "रस्ता इथेच कुठेतरी आहे. बघून येतो, कोणी गाडीवाला भेटेल."

"या धुक्यात जाऊ नकोस."

"पाच मिनिटं. तू इथेच थांब."

"थांबते. मी कुठे गाडी चालवते!"

मिठावर त्याच्या पावलांचा करकर आवाज आला, लांब गेला आणि थांबला. धुक्याने त्याला पुसून टाकलं म्हणावं इतक्या लवकर तो दिसेनासा झाला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी फोन लावला, तर त्याचा फोन माझ्या शेजारीच वाजला, चार्जिंगला लावलेला. मुलाने त्यात लावून दिलेली ती हसरी रिंगटोन. मी घाईने बंद केली. मग ओळखीच्या एकाला लावायला गेले तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला: समुद्रापलीकडच्या देशात आपलं स्वागत आहे. नेटवर्क तिकडचं पकडलं होतं. फोन कुठेच लागेना. ज्या देशात मी बसले होते त्याला माझा पत्ता नव्हता.

दार उघडून पाय खाली टाकणार तोच बघितलं: चाकांनी पाडलेल्या खड्ड्यांत पाणी होतं. मघाशी नव्हतं. भरती येत होती की खालून झिरपत होतं, मला कळेना. समुद्र कुठल्या बाजूला आहे हेही कळेना. आणि तो त्यात चालत होता.

मी हॉर्न दाबला. थांबून ऐकलं. काही नाही. परत दाबला. त्याच्या नावाने हाका मारल्या, आवाज समोरच्या पांढऱ्यात जाऊन बसायचा, परत यायचा नाही. उतरून शोधायला जावं तर गाडी सापडणार नाही, मग दोघंही गेलो. हॉर्न थांबवावा तर त्याला दिशा कळणार नाही. चालू ठेवावा तर बॅटरी उतरेल आणि मग तेवढंही राहणार नाही. मी मध्ये मध्ये थांबत वाजवत राहिले. हात दुखायला लागला की कोपराने दाबला.

मग मारिया माऊलीशी बोलले. नमो मारिया सुरू केलं आणि मधेच शब्द विसरले, जन्मभर म्हटलेले शब्द. म्हणून सरळ नवस बोलले. आता सवयीला काय करणार, मी कमीपासून सुरुवात केली. एक मेणबत्ती. हॉर्न. ऐकलं. काही नाही. नवऱ्याच्या उंचीची मेणबत्ती. हॉर्न. काही नाही. ईस्टरआधीच्या चाळीसेचे सगळे दिवस कडक उपास, मासळीला हात लावणार नाही. काही नाही. आईने दिलेल्या पाटल्या. काही नाही. पाणी दाराच्या पायरीकडे चढत होतं असं मला वाटत होतं. खरंच चढत होतं का, आता सांगता येणार नाही. मला रडू आलं, आणि रडताना रागही आला, की हिला आणखी हवंय तरी काय. मग माझ्याकडे जे उरलं होतं ते मी टाकलं. म्हटलं, लायसन्सचा शब्द परत माझ्या तोंडून निघणार नाही. जन्मात नाही. त्याला आण.

हॉर्न दाबला. आणि मागून, जिथे मी बघतही नव्हते तिथून, हाक आली.

तो आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला, एका पायात बूट नाही. दात वाजत होते. "बंद का करतेस मधेमधे?" म्हणाला. "मी ओरडत होतो, थांबवू नको म्हणून." मी त्याच्या दंडावर दोन धपाटे घातले आणि मग तोच दंड धरून बसले. थर्मासमधला चहा ओतताना अर्धा सांडला. आणि तशा अवस्थेतही, देवा, माझ्या मनात आलंच: एक मिनिट आधी आला असता तर पाटल्यांवर भागलं असतं.

धुकं उठलं तेव्हा त्याची पावलं दिसली. सरळ पाण्याकडे गेलेली, पाण्यात शिरलेली, बाहेर येऊन गाडीभोवती मोठा फेर धरून परत पाण्याकडे वळलेली. रस्ता दुसऱ्या बाजूला होता, अगदी दिसेल इतक्या जवळ. आम्ही दोघांनी ते बघितलं. उंटांच्या वाड्यावरचा एक सुदानी पिकअप घेऊन आला, दोर बांधला, "यल्ला, यल्ला" करत गाडी ओढून काढली. मागितले तेवढे पैसे मी त्याच्या हातावर ठेवले. असं मी आयुष्यात आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही. भाव करायला तोंडात थुंकी नव्हती.

आता घरी कोणी आलं की नवरा ही गोष्ट सांगतो, आणि चांगली सांगतो. "हिच्या हॉर्नमुळे वाचलो," म्हणतो. पाहुणे हमखास माझ्याकडे वळतात: "वहिनी, मग तुम्ही गाडी शिकून घ्या ना आता!" मी गप्प. तोच माझ्या वतीने बोलतो, "तेव्हापासून नावच काढत नाही ती. घाबरली बिचारी."

ते बिचारी ऐकलं की माझं डोकं असं तापतं की ताट घेऊन स्वयंपाकघरात जावं लागतं. घाबरले होते, हे खोटं नाही. अजूनही लॅबमधून यायला त्याला उशीर झाला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. पण गप्प बसते ती त्यापायी नाही. दिलेल्या शब्दापासून मी कधी फिरले नाही, बाजारात नाही आणि माऊलीपुढेही नाही. विषय मी काढायचा नाही, एवढंच ठरलं होतं. त्याने काढला तर काय, हे ठरलेलं नाही. पाहुण्यांसमोर हसत नव्हे. एखाद्या दिवशी घरात दोघंच असताना, चावी हातात घेऊन त्याने मला विचारावं, इतकंच.

अजून विचारलेलं नाही.