तोफेसमोरून आलेली ओ

मंडळी, आज पहाटे मांजरी गावात आमच्या ग्रामदैवताच्या उत्सवाची छोटी तोफ मी पहिल्यांदाच उडवली. सासऱ्यांचा हात आता थरथरतो. गोळा नसतो, नुसती दारू; तरी समोर कुणी असेल तर खेळ खलास.

म्हणून रीत अशी, की बत्ती लावणाऱ्याने "मागं हाय का?" विचारायचं आणि प्रत्येकाने मागून ओ द्यायची.

मी विचारलं. सासरे, नवरा, जाऊबाई, तिघांनी मागून ओ दिली. चौथी ओ समोरच्या धुक्यातून आली.

माझा हात तिथेच थांबला. आम्ही सगळं रान पाहिलं. कुणी नाही. ओल्या मातीत पाऊलही नाही. नवरा म्हणाला, "प्रतिध्वनी असेल." इंजिनिअर आहे, त्याला सगळं माहीत असतं.

परत येऊन पुन्हा विचारलं. मागून तीन ओ आल्या. मग चौथीही मागूनच, अगदी माझ्या कानाशी.

सासरे शांतपणे म्हणाले, "आलं मागं. लाव आता बत्ती."

बार झकास झाला. घरी पोचेपर्यंत मी मागे वळले नाही.

तुम्ही वळला असता?