दहा सेकंदांचे रोप

मुले ज्यांना 'छोट्या बाई' म्हणत, त्यांचे शिक्षिका होणे या शेवटच्या सराव पाठावर अवलंबून होते. मागच्या बाकावर परीक्षक बाई वही उघडून बसल्या होत्या. पडदे ओढलेल्या वर्गात प्रोजेक्टरच्या निळसर झोतात धूळ संथ तरंगत होती. भिंतीवर घेवड्याचे बी दहा सेकंदांत फुटले, मान उचलून दोन पानांनिशी उभे राहिले. मुले स्वप्नात असल्यासारखी पाहत होती.

खिडकीजवळची मुलगी मात्र रडवेली झाली. चार दिवसांपूर्वी तिने कपात पेरलेले बी अजून मातीतच होते.

"छोट्या बाई, माझं बी ढ आहे का हो?"

छोट्या बाईंच्या चूक लक्षात आली. फिल्ममधला काळ कापलेला आहे, हे सांगायचे राहूनच गेले होते. त्यांनी प्रोजेक्टर बंद करून पडदे उघडले.

"ढ नाही गं. ते रोपही आठ दिवसांनीच उगवलं, फिल्म पळवलीय. आता आपण रोज आपल्या कपांचा एकच फोटो काढू, मग ते जोडून आपलीही अशीच फिल्म होईल."

"पाठाच्या टाचणातलं अर्धं राहिलं की! नापास व्हायची हौस आहे का?" परीक्षक बाई म्हणाल्या.

"राहू दे, बाई. हे आधी."

सगळा वर्ग खिडकीतल्या उन्हात कपांभोवती जमला. माती शांत होती. थोड्या वेळाने परीक्षक बाईही वही मिटून तिथे आल्या आणि वाकून त्या मुलीला हळूच म्हणाल्या, "पाणी कधी घातलं होतंस गं?"