शुगरच्या गोळ्या

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, “पेशंटला एचआयव्ही आहे का?”

माझ्या मागे आबा उभे होते. माझे वडील. चार वर्षांपासून त्यांना एवढंच माहीत होतं, की त्यांच्या थोरल्या मुलाला शुगर आहे.

ही शुगर मी आणली होती. मीच. गावोगाव एचआयव्हीची ‘घाबरू नका, लपवू नका’ अशी पत्रकं वाटणारी मी! दादाचा रिपोर्ट आला तेव्हा तो म्हणाला, “आबांना कळलं तर मी घर सोडीन.” पण गोळी तर रोज घ्यायची. ती कशाची, हे घरात काय सांगायचं? मी म्हटलं, शुगरची सांग. आमच्या प्रकाशा गावात गल्लोगल्ली शुगरवाले, कोण विचारतंय? वहिनीने मान डोलावली. गुपित आम्हा तिघांत राहिलं. मला वाटलं, काय हुशारी केली.

मग गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. आबांनी हौसेने दादाला नेलं. बोटाला सुई टोचली, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. शुगर नॉर्मल. असणारच होती! आबा घरी येऊन म्हणाले, “तुले शुगर नही शे ना, मंग गोया कसाले खास? डॉक्टरना धंदा शे हाऊ.”

गोळ्या कशाला खातोस, याचं खरं उत्तर दादा देणार कसं? काही दिवस गोठ्यात लपून गोळ्या खाल्ल्या. पुढे पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, दादाला तिथे पाळ्या लागल्या. तब्येतही बरी होती. गोळ्या सुटल्या. मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मी शहाद्याला खोली घेऊन राहते. ‘एकही गोळी चुकवू नका’ असं मी तेव्हा दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगत होते.

आधी त्याचं डोकं दुखायला लागलं. मग बारीक ताप. मग एका सकाळी चहाची बशी डाव्या हातातून सुटली. बायका म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं. वारं गेलं म्हणजे लकवा, आणि लकवा म्हणजे तेल. पाच दिवस त्याला तेल चोळलं. पाच दिवस! सहाव्या दिवशी झटका आला, तेव्हा दवाखाना आठवला.

केसपेपर लिहिताना विचारलं, जुना काही आजार? आबा म्हणाले, “काहीच नही. शुगर व्हती, ती बी गयी.” दादाला तेव्हा स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. आबांसमोर वहिनीने पदर तोंडात धरला. मी पोहोचले तेव्हा तिने मला जिन्याखाली ओढून नेलं आणि गोळ्यांचं सगळं सांगितलं. तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली.

दादाला दिलेला शब्द एका बाजूला आणि दादा दुसऱ्या बाजूला. मी मागे वळून पाहिलं नाही. म्हटलं, “आहे. चार वर्षं. गोळ्या बंद आहेत.”

डॉक्टर म्हणाले, “मग हा साधा लकवा नाही. मेंदूत रिंग एन्हान्सिंग लीजन आहेत.” म्हणजे शिरेतून औषध देऊन स्कॅन केला की कडेने बांगडीसारख्या उजळणाऱ्या गाठी. “बहुधा टॉक्सोप्लाझ्मोसिस. टीबीची गाठही अशी दिसते. पण आधी टॉक्सोचं औषध चालू करतो. दोन आठवड्यांत फरक पडला, तर निदान बरोबर.”

तुमच्या घरी हा शब्द कधी आला तर गोंधळू नका. टॉक्सोप्लाझ्मा हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. कच्चट मटणातून, मांजराच्या विष्ठेने खराब झालेल्या माती-पाण्यातून पोटात जातो. धडधाकट माणसात गुपचूप पडून राहतो. सीडी-फोर, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पेशी, फार घटल्या की जागा होतो आणि मेंदू धरतो. दादाच्या एक्केचाळीस उरल्या होत्या. शेजारी बसून हा रोग कोणाला लागत नाही. तरी बाजूच्या पेशंटच्या पाहुण्याने खाट सरकवलीच. मी त्याच्या हातात पत्रक दिलं. त्याने त्यावर केळ्याची सालं ठेवली.

घरी वेगळाच तमाशा. ‘मांजर’ हा शब्द कानावर पडताच चुलत्याने आमची मांजर पोत्यात घालून तापीपलीकडे सोडली. गोळ्या बंद झाल्या तेव्हा कोणी हललं नाही, मांजरीवर मात्र ताबडतोब कारवाई! डॉक्टर वैतागले. “मांजर राहू द्या हो. तिची घाण पेशंटने काढायची नाही, हात धुवायचे, मटण नीट शिजवायचं. आणि गोळ्या द्या, गोळ्या!”

को-ट्रायमोक्साझोल सुरू झालं. टॉक्सोवरचं औषध, स्वस्त आणि साधं. आम्ही बाकावर बसून वाट पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, “तू गावले शिकाडस आनि बापले शुगर सांगस?”

माझी सटकली. म्हटलं, “खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याचं ताट वेगळं केलं असतं!”

आबांनी मान डोलावली. “करतू,” म्हणाले. “पन गोया बंद नही करतू.”

ताट वेगळं केलं असतं, पण गोळ्या बंद केल्या नसत्या. असा बाप कुठल्याच पत्रकात नव्हता.

नवव्या दिवशी दादाने डाव्या हाताने चादर ओढली. वहिनी रडली, मी नर्सबाईंना बोलवायला धावले, आबा तसेच खाटेचा लोखंडी दांडा धरून उभे. पुढच्या स्कॅनमध्ये गाठी आकसल्या होत्या. टॉक्सोच होता. मग एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या त्या रोजच्या गोळ्या, पुन्हा सुरू झाल्या. टॉक्सोचं औषध सहा आठवडे पूर्ण घेतलं. आता त्याचाच कमी डोस चालू आहे, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत. दादाचा डावा पाय अजून जरा ओढतो.

त्या डॉक्टरांचे उपकार मानते. त्यांनी प्रश्न विचारला, आणि हळू आवाजात विचारला. गुपित ठेवायचा हक्क तुमचा आहे, हे मी आजही सांगते. पण घरात राहणाऱ्या एकाला तरी असं सांगा, की वेळ आली तर तो तोंड उघडेल. डॉक्टरांना तर सांगाच. आणि गोळीला खोटं नाव देऊ नका. त्या नावाचा आजार बरा झाला, की गोळीही जाते.

घरी आल्यावर आबांनी दादाला विचारलं, “लोकेस्ले काय सांगू?” दादा म्हणाला, “सांगा आता खरं. थकनू मी.”

परवा शेजारचे काका आले. ओट्यावर बसत म्हणाले, “पोरनी शुगर कशी शे?”

आबांनी त्यांच्यापुढे कप सरकवला. “शुगर चहामा शे. पोरले एचआयव्ही शे. आठ वाजनात, त्यानी गोयीना टाइम शे. तू चहा पे.”