तारखेवर टिकलेली नोकरी

लखनौच्या हज़रतगंजातल्या आमच्या वकीलसाहेबांच्या चेंबरवर एक दिवस नवी पाटी लागली. नावाखाली 'असोसिएट्स'. माणसं तीच, खुर्च्या त्याच, पण साहेबांचे चिरंजीव काही महिने दिल्लीला राहून आले होते आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले होते: ही पाटी आणि एक कन्सल्टंट.

काळच तसा होता. बाजार खुला झालेला, परदेशी कंपन्या येणार, आणि त्या स्टेशनवर उतरल्या की थेट आमचाच जिना चढणार, अशी चिरंजीवांची खात्री. तेव्हा त्याआधी आपले वकील शिकवून तयार करायला हवेत.

मी तिथे फोन घ्यायचो, फायली काढून द्यायचो. शिक्षण नववीपर्यंत, तेही वर्ध्याकडच्या शाळेत. ताईचे यजमान इथे लखनौला बँकेत. बँकेचे दावे आमच्या साहेबांकडे असत, म्हणून भाऊजींनी शब्द टाकला आणि साहेबांनी काही न विचारता मला ठेवून घेतलं. हे उपकार मी रोज आठवायचो. मी विसरू नये, याची काळजी भाऊजी जेवताना घ्यायचेच.

कन्सल्टंट ऐन मे महिन्यात टाय लावून आला. सोबत प्रोजेक्टर. भिंतीवर 'वेळेचे नियोजन' असं उमटायचं आणि वीज जायची. मग तो म्हणायचा, आता हेच मनात पाहा. वकील डोळे मिटून पाहू लागायचे, आणि त्यांतले काही इतकं मन लावून पाहायचे की त्यांना हलवून उठवावं लागायचं.

आधुनिक फर्ममध्ये वरिष्ठांना नावाने हाक मारतात, असं त्याने एकदा शिकवलं. परिणाम असा झाला की साहेबांना कुणी हाकच मारेना. नाव घ्यायची छाती नाही, 'सर' म्हणायला बंदी. तेव्हा जो तो दारात येऊन खोकायचा. दोनेक दिवसांनी साहेबांनी सगळ्यांसाठी ज्येष्ठमध मागवला.

मग त्याने कोर्टात उठसूट पुढची तारीख मागण्याची वकिलांची खोड मोडायला घेतली. लुटुपुटूचं कोर्ट भरवलं, स्वतः न्यायाधीश झाला आणि पुकारा केला. आमच्यातले सर्वांत जुने ज्युनिअर वकील उठले. केस पिकले होते, नातवंडं झाली होती, तरी ज्युनिअरच. छातीवर हात ठेवून, जरासे वाकून, त्यांनी पुढची तारीख मागितली. काय शिकवायला बसलो होतो, हे कन्सल्टंटच्या ध्यानात यायच्या आत त्याच्या कानावर 'हुज़ूर' पडलं होतं. त्याने तारीख देऊन टाकली.

इथवर मीही फायलीआड तोंड लपवून हसत होतो. पण एका सकाळी चिरंजीवांनी जाहीर केलं की स्टाफचीही परीक्षा होणार, इंग्रजीतून, आणि कन्सल्टंट ज्याला नापसंत करेल त्याची जागा बारावी झालेल्याला मिळेल. पहिलं नाव माझं. घरी सांगितलं तेव्हा ताईचा हात पोळीवरच थांबला. भाऊजी म्हणाले, "परत जाऊन तिकडे करणार काय तू?" भाचा तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "मामा, आप फेल हो जाओगे क्या?"

माझा चेहरा बघून ज्युनिअरसाहेबांनी मला जिन्यात गाठलं. सुपारी कातरत म्हणाले, "घबराते क्यों हो? तारीख ले लेंगे।"

परीक्षेच्या दिवशी मी दाराशी उभा होतो. ते माझ्या पुढे झाले आणि वाकून म्हणाले, "हुज़ूर, इस मामले में हम पेश हो रहे हैं। तैयारी के लिए थोड़ा वक़्त दिया जाए।" कन्सल्टंट हसला. पण पाठ ताठ झाली, टाय सरळ झाला, आणि गंभीर आवाजात त्याने पुढचा सोमवार दिला.

सोमवारी ज्युनिअरसाहेबांची तब्येत बिघडली. शेवटची संधी म्हणून पुढची तारीख मिळाली, तर त्या दिवशी कुणी जुने वकील वारल्यामुळे सगळ्यांनी काम बंद ठेवलं. दोन मिनिटं मौन पाळलं. कन्सल्टंटही उठून उभा राहिला, मान खाली घालून. त्यानंतर त्याचा करार संपला. अहवालात त्याने लिहिलं की वकिलांची प्रगती समाधानकारक आहे आणि स्टाफची परीक्षा दुसऱ्या टप्प्यात घ्यावी. तोवर परदेशी कंपन्या काही जिना चढल्या नव्हत्या. चिरंजीवांना दुसऱ्या टप्प्याचा कंटाळा आला.

माझा जीव मात्र टांगलेलाच. शेवटी धीर करून साहेबांपुढे गेलो, खोकलो, आणि विचारलं की मला ठेवणार आहात ना, एकदा काय ते सांगा.

साहेबांनी फायलीतून मान वर न काढता म्हटलं, "बेटा, क़ब्ज़ा तुम्हारा है। फ़ैसला क्यों माँगते हो?"

त्या वाक्यावर मी त्या खुर्चीत पुढे वर्षानुवर्षं काढली. ज्युनिअरसाहेबांचे उपकार तर विसरण्यासारखे नाहीतच. साहेबांचंही म्हणणं मी इतकं मनावर घेतलं की मिटल्यासारखं प्रकरण पुन्हा उघडायला नको, म्हणून पगारवाढीची गोष्ट कधी काढली नाही. साहेबांनीही काढली नाही.