पलीकडची बाजू

आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं आमचा शेजारी उकंडराव हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात छातीठोक सांगायचा. लोक दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. हा न पोळताच पाणी फुंकतो. दुकानदार जरा गोड बोलला की हा साखर पुन्हा तोलून मागणार. पण बैलबाजारात हाच संशय कामी येतो. गावात कुणी बैल घ्यायला निघाला की आधी उकंडरावाला जीपमध्ये बसवतो. दात, खूर बघून झाले की हा जनावराच्या डोळ्यापुढं अचानक हात नेतो, मग बॅटरी मारतो. विकणारा जिकडून दाखवतो तिकडून बघायचं नाही, पलीकडं जायचं, हा त्याचा नियम.

त्याची लेक प्रियंका बाळंतपणाला माहेरी आली आणि सातव्या महिन्यातच मोकळी झाली. आरोही जेमतेम वीतभर. हिंगोलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत, ऑक्सिजनवर राहिली आणि जगली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की लेकरू महिन्याचं व्हायच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अशा लेकरांचा पडदा कच्चा असतो. आतल्या आत दोष वाढला तर नजर जाते.

उकंडरावाला हे खटकलंच. डोळे टपोरे, ना चिपडं ना लाली, मग तपासायचं काय? आरोग्य केंद्राची आशाताई दिपा आठवण करून द्यायला आली, तर त्यानं तिचीच उलटतपासणी घेतली. कुणी पाठवलं, डोळ्यात टाकायचं औषध कसलं, आमच्याच लेकराच्या मागं का लागलात. शेवटी बॅटरी आणून त्यानं आरोहीच्या डोळ्यांवर मारली. बाहुल्या लगेच बारीक झाल्या.

"डोळा एक नंबर हाय," तो म्हणाला. "सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर जाणार न्हाई."

दिपा हात हलवत परत गेली. त्याच्यापुढं बोलायची आमच्यात कुणाची टाप नव्हती. तिचे फोन मात्र येत राहिले, आणि प्रियंकाची झोप उडाली. महिना उलटून गेल्यावर एका सकाळी तिनं धीर केला.

"बाबा, ढवळ्याचेबी डोळे तुमीच बघितले होते."

ढवळ्या हा त्या घरातला न बोलायचा विषय. उकंडरावानं भर उन्हात पारखून आणलेला तो बैल दिवेलागणीला सरळ नाल्यात गेला होता. रातांधळा निघाला. उकंडराव जीप बघायला उठला.

दवाखान्यात औषधाच्या थेंबांनी आरोहीच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर झाल्या, तेव्हा हा नर्सच्या अंगावर धावून गेला, की तुम्ही लेकराला काय केलंत. आतला पडदा दिसायला तेवढं करावंच लागतं, असं तिनं समजावलं. ते त्याला पटलं नाही. तपासणीनंतर डॉक्टरांनी प्रियंका आणि परस्पर दवाखान्यात आलेल्या जावयालाच आत बोलावलं. त्याचाही त्याला संशय आला. दुसऱ्याच दिवशी नांदेडला डोळ्यांच्या पडद्यावर लेझर झालं. काय म्हणाले, असं त्यानं विचारलं, तर वेळेत आलो म्हणाले, असं प्रियंका पिशवी आवरता आवरता बोलली.

आरोही बाळसं धरून हसायला लागली. आजा खूश होता, पण बाजारातली नजर त्याला स्वस्थ बसू देईना. प्रियंका पोरीला कायम डावी बाजू भिंतीकडं करून निजवते. त्याच्या हातात देतानाही उजवीकडूनच देते. काहून?

एका दुपारी ती चुलीपाशी असताना त्यानं बैलाचा लाल गोंडा आणला आणि भिंतीच्या बाजूनं जाऊन बसला. आरोहीचा उजवा डोळा त्यानं तळहातानं हलकेच झाकला आणि डाव्यापुढं गोंडा हलवला. पोरीची नजर जागची हलली नाही. हात काढला, तशी ती हसली आणि गोंड्यावर झडप घालायला लागली.

प्रियंका दारात उभी होती.

"दोन आठवडे आधी आणलं असतं तर दोनी वाचले असते म्हणाले," ती म्हणाली. "तुमाला कसं सांगू, बाबा?"

उकंडराव तिच्यावर रागावला नाही. गोंडा मांडीवर ठेवून तो लहान पोरासारखा रडला. पोटच्या लेकीनं त्याला इतके दिवस फसवलं होतं, आणि तेही त्याच्याच जिवासाठी.

आता आसपास कुठं अपुऱ्या दिवसांचं लेकरू जन्मलं की दिपाच्या आधी उकंडराव तिथं हजर असतो. त्या घरचे म्हणतात, डोळे तर चांगले दिसून राहिलेत.

"मलाबी चांगलेच दिसले होते," तो सांगतो, आणि जीप येईपर्यंत दारातून हलत नाही.